बावीस सूर, पाच बोटं

१९१० साली पुण्याहून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. हिंदू संगीताचं सप्तक आणि त्यातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म सूर, हा त्याचा विषय. लेखक होते सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यानंतर थोड्याच काळात साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाची संस्था उभी राहिली. देवल आणि मुंबई इलाख्यातले आयसीएस न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे तिचे दोन आधारस्तंभ होते, आणि तिच्यामागे एक ठोस यंत्र होतं: बारा सुरांच्या हार्मोनियममध्ये आणखी सूर बसवून तयार केलेली श्रुतिपेटी. संगीताच्या इतिहासात या पेटीचा उल्लेख होतो तो बहुधा एखाद्या ओळीत, दोन हौशी माणसांचा फसलेला उद्योग म्हणून. माझ्या मते हा प्रयोग त्याहून पुष्कळ मोलाचा आहे. जुन्या यंत्रात नवा ध्वनी बसवला तर तो कधी रुजतो आणि कधी मरतो, या प्रश्नाचं आपल्या भागातलं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. हाच प्रश्न पुढे सत्तर वर्षांनी संगणकवाल्यांसमोर उभा राहिला आणि त्याचं उत्तरही तेच निघालं. नव्या आवाजाची निवड वाजवण्याआधी उरकता येत असेल तर तो टिकतो. ती निवड वाजवणाऱ्या हातावर ऐनवेळी लादली, तर आवाज कितीही अचूक असो, तो टिकत नाही.

आधी ज्या यंत्रात भर घालायची होती ते पाहू. हार्मोनियम पॅरिसच्या अलेक्झांडर दबेननं १८४० च्या सुमारास घडवली. तिला पायानं भाता द्यायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. बैठकीत मांडी घालून बसणाऱ्या वादकाला ते गैरसोयीचं होतं, म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातानं भाता मारायची पेटी काढली. तिचा प्रसार विलक्षण वेगानं झाला. कीर्तन, भजन, लावणी, संगीत नाटक, गाण्याची बैठक अशा प्रत्येक ठिकाणी ती शिरली आणि साथीतून सारंगीला मागे सारत गेली. पेटीतला आवाज पितळेच्या पात्यातून येतो. पातं घासून एकदा सुरात लावलं की त्याचा सूर कायमचा ठरला. पात्याच्या टोकाला घासलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो, पण हे काम कारागिराच्या ओट्यावर होतं, मैफलीत होत नाही. शिवाय हे बारा सूर युरोपीय पद्धतीनं, एकमेकांपासून सारख्या अंतरावर लावलेले. त्यामुळे षड्ज आणि त्याचं वरचं सप्तक सोडलं, तर या पेटीतला कोणताही सूर तंबोऱ्याशी पूर्ण मिळत नाही.

हे न मिळणं किती, ते आकड्यात सांगता येतं. मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू. शुद्ध गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. पेटीचा गांधार येतो सुमारे ३०२.४ वर. फरक अडीच कंपनांचाही नाही, तेव्हा तक्रार कशाला करायची, असं वाटेल. पण तंबोऱ्याच्या १२० कंपनांच्या खर्जातून पाचपट, म्हणजे ६०० कंपनांचा स्वयंभू गांधार आपोआप निघत असतो. पेटीच्या गांधाराची दुप्पट ६०४.८ होते. हे दोन सूर एकत्र ऐकू आले की सेकंदाला जवळजवळ पाच वेळा आवाज लहानमोठा होत थरथरतो. गाणाऱ्याचा कान ही थरथर लगेच पकडतो. पंचमाला मात्र फरक अर्ध्या कंपनाहून कमी आहे, म्हणून पेटीचा पंचम कुणाला खुपत नाही आणि गांधार-धैवत खुपतात. ध्वनिशास्त्रात सप्तकाचे १२०० समान भाग पाडतात, त्यांना सेंट म्हणतात. पेटीचा गांधार शुद्ध गांधाराहून सुमारे १४ सेंट वर आहे, कोमल गांधार जवळपास १६ सेंट खाली.

देवलांनी हा दोष नुसत्या कानावर सोडला नाही. त्यांनी तार ताणून तिची लांबी मोजण्याचं साधन घेतलं, अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाला गायला लावलं आणि गळ्यातून आलेला सूर तारेवर जुळवून त्याचं प्रमाण नोंदलं. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे किराणा घराण्याचे. पुढे मिरज हेच त्यांचं घर झालं आणि तिथल्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. सुराच्या सूक्ष्मतेसाठी त्या काळी याहून योग्य गळा शोधूनही मिळाला नसता. या मोजणीतून देवलांनी भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तल्या बावीस श्रुतींना आकडे दिले. सोपं उदाहरण धैवताचं. २४० च्या षड्जावर एक शुद्ध धैवत ४०० कंपनांचा आणि दुसरा ४०५ चा. दोन्ही ‘शुद्ध’च म्हटले जातात, पण त्यांच्यात साडेएकवीस सेंटांचं अंतर आहे आणि कोणत्या रागात कोणता लागतो याला महत्त्व आहे. बारा पट्ट्यांच्या पेटीत या दोहोंपैकी एकही नाही. तिथे ४०३.६ चा तिसराच धैवत आहे.

मोजणी झाल्यावर यंत्र. लंडनच्या एच. कीथ मूर यांनी १९११ च्या सुमारास श्रुतिपेटी बांधली. तिच्यात प्रत्येक सप्तकात बारापेक्षा कितीतरी जास्त सूर होते, आणि त्या सुरांपर्यंत पोचायला जादा पट्ट्या. ही कल्पना एकाएकी उगवली नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८६३ मध्ये ध्वनिसंवेदनेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि शुद्ध प्रमाणांत लावलेली हार्मोनियम स्वतःसाठी करवून घेतली. अलेक्झांडर एलिसनं १८७५ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आणलं आणि सेंटाचं मापही रूढ केलं. इंग्लंडच्या बोझान्केनं सप्तकाचे ५३ भाग पाडणारी हार्मोनियम बांधली आणि १८७७ मध्ये हिंदू सप्तकविभागणीवर निबंधही लिहिला. क्लेमेंट्स यांचं भारतीय संगीताच्या अभ्यासावरचं पुस्तक १९१३ मध्ये निघालं, त्यामागे ही सगळी परंपरा उभी आहे. सांगली-साताऱ्याच्या प्रयोगाचं वेगळेपण असं, की युरोपात या वाद्यांना प्रयोगशाळेबाहेर फारसा वाव नव्हता, तर देवल-क्लेमेंट्स यांना आपली पेटी चालू, जिवंत गाण्याच्या साथीला बसवायची होती.

तसं झालं नाही. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. विष्णु नारायण भातखंडे तिचे सूत्रधार होते. तिथे श्रुतिपेटीवर वाद झाला आणि जमलेल्या विद्वानांनी व उस्तादांनी तिला मान्यता दिली नाही. त्यानंतर ही पेटी मैफलीत रुळली नाही, रंगभूमीवर दिसली नाही, शिकवणीच्या वर्गांत गेली नाही. आता इथे नीट थांबून पाहिलं पाहिजे. नेहमीचं स्पष्टीकरण असं, की श्रुतिपेटी आपल्या संगीताच्या सूक्ष्मतेला पुरी पडली नाही. पण ज्या पेटीचे सूर तिच्याहून जास्त चुकीचे होते, ती बारा पट्ट्यांची पेटी त्याच काळात घरोघर गेली. सुराची अचूकता हीच कसोटी असती, तर निकाल उलटा लागायला हवा होता. अधिक अचूक यंत्र मागे पडलं आणि कमी अचूक यंत्र जिंकलं, तेव्हा कारण अचूकतेबाहेर शोधावं लागतं.

ते कारण वादकाच्या हातात आहे. हातपेटीवर एक हात भात्याला बांधलेला असतो. पट्ट्यांसाठी उरतो एकच हात, त्याची पाच बोटं. बोझान्केच्या वाद्याला दोन हात मोकळे होते, इथे तेही नाहीत. या पाच बोटांना द्रुत तान, खटका, मुरकी वाजवायची असते आणि त्यासाठी बोटांच्या चाली वर्षानुवर्षांच्या रियाजानं बसवलेल्या असतात. सप्तकात जादा पट्ट्या आल्या की ती सारी बैठक मोडते. त्यावर आणखी एक अडचण. गाणारा काळी एकमध्ये गातो, गाणारी काळी चारमध्ये किंवा पाचमध्ये, आणि पेटीवाल्याला षड्ज त्यांच्या गळ्याप्रमाणे हलवावा लागतो. समान अंतराच्या बारा सुरांत कोणतीही पट्टी षड्ज होऊ शकते. सगळ्याच सारख्या थोड्या बेसूर असल्यानं बदल कळत नाही. श्रुतिपेटी एका षड्जावरून मोजून लावलेली. २४० चा षड्ज सोडून २७० चा रिषभ षड्ज मानला, तर त्याचा पंचम दीडपट, म्हणजे ४०५ चा हवा. बोट ४०० च्या धैवतावर पडलं की पंचमासारखा अढळ सूरच ढळतो.

पण सर्वांत अवघड गोष्ट याहून खोल आहे. साथीदार गायकाच्या मागोमाग चालतो. गायक धैवताकडे निघालाय हे त्याला कळतं, पण तो ४०० चा लावणार की ४०५ चा, हे पट्टी दाबण्यापूर्वी ठरवावं लागतं. सारंगीवाल्यालाही क्षणात ठरवावं लागतं, पण त्याची नखं तारेवर सरकतात. कानाला फरक जाणवला की तो सूर वाटेतच सुधारतो आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. पेटीच्या पट्टीला सुधारणा माहीत नाही. म्हणून पट्ट्या वाढल्या तसे चुकण्याचे प्रसंगही वाढले. बारा सुरांच्या पेटीतला बेसूरपणा यंत्राच्या नावावर जमा होतो. तो नेहमीचा, ठराविक, कान त्याला सरावलेला. बावीस सुरांत चुकीची पट्टी दाबली गेली तर ती वादकाची चूक ठरते, आणि साडेएकवीस सेंटांची चूक समान पेटीच्या चौदा सेंटांहून मोठी असते. कोणता शहाणा साथीदार आपणहून ही जोखीम पत्करील?

यावर पहिला आक्षेप मींडेचा येईल. आपलं गाणं दोन सुरांमधल्या प्रवासात राहतं, पेटीला मींड नाही, मग पाती बावीस करा की दोनशे, काय फरक पडतो, असा हा युक्तिवाद. तो खरा आहे, पण तो दोन्ही पेट्यांना सारखाच लागू पडतो. मींड नसूनही बारा सुरांची पेटी जगली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिच्यावर स्वतंत्र वादनाची मैफल उभी केली, मींडेचा आभास देण्याच्या युक्त्या काढल्या. म्हणजे मींडेचा अभाव ही पेटीची मर्यादा आहे, श्रुतिपेटीच्या पराभवाचं कारण नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे, आणि तो भातखंड्यांच्या बाजूचा आहे. जुन्या ग्रंथांतल्या श्रुती म्हणजे कंपनांचे ठरीव आकडे, हे कुणी सिद्ध केलं? भरतानं दोन वीणांवरचा प्रयोग सांगितला, तारांची लांबी दिली नाही. भातखंड्यांनी आपली थाटपद्धती बारा सुरांवर उभारली ती याच सावधपणानं. पुढे जयराजभाय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रत्यक्ष वादनातले गांधार यंत्रानं मोजून पाहिले, तेव्हा एकाच रागात, एकाच कलाकाराकडूनही गांधार एका बिंदूवर स्थिर राहत नाही, असं दिसलं. तेव्हा बावीस ठरीव श्रुतींचा देवलांचा सिद्धांत आज जसाच्या तसा मान्य करता येणार नाही, हे मी उघड मानतो. पण सिद्धांत कच्चा असणं आणि यंत्र न रुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा देवलांचे सगळे आकडे शंभर टक्के बरोबर निघाले असते, तरी पाच बोटांची अडचण तशीच राहिली असती. आणि ४०० की ४०५ हा वाद बाजूला ठेवला, तरी तंबोऱ्याशी थरथर न करणारा ३०० चा गांधार ही कुठल्या ग्रंथाची गोष्ट नाही. ती तारेचीच आहे. देवलांचं ते काम टिकाऊ आहे.

तिसरा आक्षेप परकेपणाचा: इंग्रज न्यायाधीशाचा पाठिंबा, लंडनची बांधणी, वर स्वदेशीचा काळ. याचा परिणाम झालाच नसेल असं नाही. पण बारा सुरांची पेटीसुद्धा पॅरिसची, आणि तिची उत्तम पाती दीर्घकाळ परदेशातूनच येत. लोकांनी तिला परकी म्हणून दूर ठेवलं नाही. उलट ज्यांनी तिला परकी म्हणून खरोखर दूर ठेवलं, त्यांचाही अनुभव पाहण्यासारखा आहे. ऑल इंडिया रेडिओनं १ मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली. रवींद्रनाथ ठाकुरांचं मत पेटीविरुद्ध होतं. रेडिओवर पाश्चात्य संगीताचं काम पाहणारा जॉन फाउल्ड्स हा इंग्रज संगीतकारही विरोधात होता. त्यांच्या टीकेचा गाभा तोच होता जो देवलांनी तीस वर्षं आधी आकड्यांत मांडला होता: समान अंतराचे सूर आणि त्यांची अढळता. देवलांनी यंत्र सुधारायचा मार्ग धरला होता, रेडिओनं ते बाहेर काढायचा. सुमारे तीस वर्षं बंदी राहिली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ती सैल झाली. तोवर पेटी कुठेच गेली नव्हती. भजनी मंडळांत, नाट्यसंगीतात, शिकवणीत हजारो हात तिच्यावर तयार होते. सरकारी हुकूम त्या हातांपुढे निष्प्रभ ठरला.

आता संगणकाकडे वळतो, कारण तिथे हीच गोष्ट थोड्या वर्षांत, पुराव्यानिशी, पुन्हा घडलेली दिसते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये आवाजासाठी एक लहानसा स्पीकर होता. वेळ मोजणाऱ्या चिपकडून त्याला ठोके मिळत आणि एका वेळी एकच सूर निघे. त्याच्या आधीच्या ॲपल-टूमध्येही तसाच एकटा स्पीकर होता. अशा जुन्या यंत्रांत ध्वनी निर्माण करणारी स्वतंत्र चिप बसवण्याची धडपड तेव्हापासून सुरू झाली. ॲपल-टूच्या मोकळ्या खाचेत बसणारं ‘मॉकिंगबोर्ड’ नावाचं कार्ड निघालं, त्यावर जनरल इन्स्ट्रुमेंटची एवाय-३-८९१० ही चिप असे. एक चिप तीन स्वतंत्र सूर काढी. कार्ड खाचेत बसवणं हे स्क्रूड्रायव्हरचं काम. पण बसवल्यावर यंत्र होतं तसंच मुकं, कारण जुने प्रोग्रॅम स्पीकरला ठोके द्यायचे आणि नव्या चिपचा त्यांना पत्ताच नव्हता. चिपच्या कोणत्या खणात कोणता आकडा लिहिला म्हणजे कोणता सूर निघतो, हे ज्यानं प्रोग्रॅममध्ये आधी लिहिलं असेल, त्यालाच ती बोलती करता येई.

१९८७ मध्ये कॅनडाच्या ॲडलिब कंपनीनं यामाहाची वायएम३८१२ ही चिप वापरून नऊ सुरांचं कार्ड काढलं. त्याला खरा जोर आला तो पुढल्या वर्षापासून, सिएरा कंपनीनं ‘किंग्ज क्वेस्ट ४’ या खेळासाठी अशा कार्डांवर वाजेल असं संगीत लिहवून घेतलं तेव्हा. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं आणि त्यानं ॲडलिबची भाषा जशीच्या तशी स्वीकारली, म्हणून ॲडलिबसाठी लिहिलेलं सगळं त्यावर पहिल्या दिवसापासून वाजलं. खेळणाऱ्यानं सेटअपमध्ये एकदाच कार्डाचं नाव निवडायचं. त्यानंतर खेळताना त्याच्या बोटांना नव्या आवाजासाठी एकही जादा हालचाल करावी लागत नव्हती. नवे सूर आले, कीबोर्ड तोच राहिला. श्रुतिपेटीत नेमकं याच्या उलट झालं होतं.

संगणकाच्या चिपनंही सूर अचूक दिले असं कुणी समजू नये. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरता योजना आणली, तिच्यात ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक वापरले गेले. त्यातली ध्वनीची चिप १,२५,००० ला पूर्णांकानं भागून सूर काढते. २४० च्या षड्जासाठी ५२१ नं भागलं की २३९.९ मिळतात, हे उत्तमच. पण वरच्या सप्तकांत पायऱ्या रुंद होत जातात. २४०० च्या आसपास ५२ नं भागलं तर सुमारे २४०४, आणि ५१ नं भागलं तर २४५१. मधलं काहीच नाही. ही पायरी तेहतीस सेंटांहून मोठी, म्हणजे दोन धैवतांमधल्या अंतराच्या दीडपट. सुराच्या काटेकोरपणात देवलांची पितळी पाती या चिपच्या कितीतरी पुढे होती. तरीही चिप रुजली आणि पाती रुजली नाहीत.

सांगलीपासून दहा किलोमीटरवर मिरजेत याचं तिसरं उदाहरण आहे, आणि मला ते सर्वांत बोलकं वाटतं. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि मग घडण हाती घेतली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड आणि कारागिराचा कान यांतून मिरजेचा तंबोरा तयार होतो. घोडीची जवारी अशी काढतात की तारेतून मूळ सुराबरोबर तिचे वरचे सूर खुलून यावेत. देवल ज्या गांधाराचा आकडा सांगलीत तारेवर मोजत होते, तोच गांधार वरच्या सप्तकात, ६०० चा, मिरजेच्या या वाद्यातून कसलंही नवं पातं न बसवता निघत होता. तंबोऱ्यावर सूर निवडायचं काम मैफलीआधीच संपतं: खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायचे, जवारीत दोरा बसवायचा. एकदा लागला की वाजवणाऱ्या बोटांना काही ठरवायचं उरत नाही. उरलेल्या श्रुती शोधायचं काम गळ्याकडे जातं, आणि ते गळ्याला जमतं.

म्हणूनच आपल्या संगीतात ध्वनिचिप पहिल्यांदा पक्की बसली ती तंबोऱ्याच्या जागी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या रॅडेल कंपनीनं इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. पट्टी निवडायची, पंचम की मध्यम ते ठरवायचं, बटण दाबायचं; पुढे दोन तास हात मोकळे. आज तो मोबाइलमध्येही आहे. मिरजेच्या कारागिरांना याची झळ बसली हे खरं, आणि लाकडी तंबोऱ्याची जिवंत गुंज चिपमधून येत नाही हेही खरं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या गुंजेसाठी योग्यच झालं. पण चिप कुठे शिरली आणि कुठे शिरू शकली नाही, हे पाहिलं की नियम ध्यानात येतो.

देवलांच्या पेटीलाही अखेर वारस मिळाला आणि त्यानं हा नियम पाळला. गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली आहे. तिच्यावर पट्ट्या बाराच आहेत. षड्ज आणि पंचम अचल. उरलेल्या दहा पट्ट्यांना प्रत्येकी दोन सूर, आणि त्यांतला कोणता बोलावा हे एका खटक्यानं ठरतं. दहाचे वीस आणि दोन, असे बावीस. राग सुरू होण्याआधी खटके लावून घ्यायचे. मग बोटं आपल्या सवयीच्या बारा पट्ट्यांवर चालतात. श्रुतींच्या आकड्यांबद्दलचे जुने वाद इथेही करता येतील. पण हाताची अडचण सुटलेली आहे, कारण निवड वाजवण्यातून काढून वाजवण्याआधी नेली आहे. साताऱ्याच्या सोसायटीला ही तोड सापडली असती, तर १९१६ च्या बडोद्यात चर्चा वेगळ्या वळणानं गेली असती असं मला वाटतं.

सांगलीच्या या निवृत्त अधिकाऱ्यानं, हाताशी एक तार आणि एक असामान्य गळा घेऊन, आपल्या गाण्याला मोजमाप लावलं. त्या मोजमापाचा पुढचा अभ्यास व्हायचा असेल तर साधनं हवीत. सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात अजून कितीतरी जुन्या पेट्या माळ्यावर, देवळाच्या कोठीत, बंद पडलेल्या संगीतवर्गांत पडून आहेत. त्यांपैकी एखादीत सप्तकाला बारापेक्षा जास्त पट्ट्या दिसल्या, किंवा एखाद्या पट्टीखाली दोन वेगळ्या सुरांची पाती सापडली, तर ती भंगारात देऊ नका आणि सुरात लावायलाही घाईनं देऊ नका. पातं एकदा घासलं की त्याचा मूळ सूर कायमचा जातो. आधी प्रत्येक पात्याचा सूर मोबाइलवरच्या ट्यूनरनं मोजून लिहून ठेवा, आतली छापलेली किंवा खोदलेली अक्षरं टिपून घ्या आणि मग जवळच्या विद्यापीठाच्या संगीत विभागाला कळवा.